करारातले शेवटून दुसरे कलम: लघुउद्योजक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लघु व मध्यम उद्योजकांच्या संघटनांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य

स. न. वि. वि.

आपल्या सदस्यांच्या पुरवठा करारांत दर, वजन, तपासणी आणि उशिराच्या दंडावर दोन-दोन आठवडे घासाघीस होते. शेवटून दुसरे कलम मात्र कोणी वाचत नाही. वाद झाला तर काय करायचे हे त्या कलमात असते, आणि बहुतेक वेळा ते खरेदीदाराच्या कायदा विभागाने स्वतःची सोय पाहून लिहिलेले असते. वाद कोर्टाबाहेर मिटावा असे सगळेच म्हणतात, पण तो खरोखर बाहेर मिटणार की तीन ठिकाणी फिरून कोर्टातच येणार, हे बऱ्याच अंशी सहीच्या दिवशी ठरून जाते. म्हणून आपल्याकडे मागणे आहे ते असे: संघटनेने आपले नमुना कलम ठरवावे, ते सदस्यांच्या हाती द्यावे, आणि वाद उभा राहिल्यावर पहिल्या महिन्यात काय करायचे हे त्यांना शिकवावे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. बोलण्यात आपण तडजोड, मध्यस्थी आणि लवाद एकाच अर्थाने वापरतो, आणि करार लिहिणारेही तसेच करतात. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो दोन्ही बाजूंना बोलते करतो, एकेकाला वेगळे भेटतो, आकडे जवळ आणतो; सही करायची की नाही हे पक्षकारांच्या हातात राहते. लवाद निर्णय देतो. त्याचा निवाडा बंधनकारक असतो आणि त्यावर नेहमीच्या अर्थाने अपील नसते. १९९६ च्या लवाद व समेट कायद्याच्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करून घेता येतो, पण कारणे मोजकी आहेत आणि मुदत कडक आहे: निवाडा हाती पडल्यापासून ३ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. लवादाने पुरावा आपल्याला पटला नाही अशा रीतीने वाचला, एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही. म्हणूनच लवाद कोण असेल आणि त्याला कोण नेमेल, हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा आहे.

इथेच सर्वात मोठा खड्डा आहे. 'वाद आमच्या व्यवस्थापकीय संचालकांकडे किंवा ते नेमतील त्या व्यक्तीकडे सोपवला जाईल' अशी वाक्ये आजही छापील अटींत सापडतात. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्याला सातवे परिशिष्ट जोडले गेले. पक्षकाराचा नोकर, सल्लागार किंवा तसाच व्यावसायिक संबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही, असे ते सांगते. २०१७ आणि २०१९ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले: ज्याला स्वतःला लवाद होता येत नाही, त्याला एकमेव लवाद नेमताही येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सरकारी करारांतल्या अशा एकतर्फी नेमणुकीच्या कलमांना समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. तरीही कलमे छापली जातात आणि सह्याही होतात. सदस्याला अशी नेमणुकीची नोटीस आली तर त्याने गप्प बसू नये, आणि आक्षेप न नोंदवता कामकाजात जाऊन बसू नये. पहिल्याच उत्तरात लेखी आक्षेप घ्यावा आणि कलम १२(५) चा उल्लेख करावा. या कलमाखालचा हक्क वाद उद्भवल्यानंतर स्पष्ट लेखी संमती दिली तरच सुटतो. ती संमती कधीकधी 'हजेरीपत्रक' म्हणून पुढे केलेल्या कागदात दडलेली असते. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी.

दुसरा दोष शब्दांचा. 'पक्षांची इच्छा असल्यास वाद लवादाकडे नेता येईल' हे लवादाचे कलम नव्हे. नंतर पुन्हा संमती घ्यावी लागणार असेल तर आज काहीच ठरलेले नाही, असे न्यायालये मानतात. 'सोपवला जाईल' आणि 'निवाडा बंधनकारक राहील' हे दोन्ही लिहिलेले हवे. तिसरा दोष उपकंत्राटदारांना नडतो. कामाच्या आदेशात 'मुख्य करारातील सर्व अटी लागू' एवढेच असते आणि मुख्य करारात लवादाचे कलम असते. इतक्या मोघम उल्लेखाने ते कलम उपकंत्राटात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले आहे. लवादाच्या कलमाचा वेगळा, नेमका उल्लेख करावा लागतो.

चौथा दोष आपले सदस्य स्वतःच करतात. खरेदी आदेशात लवादाचे स्थान एक शहर असते, आणि सदस्याच्या बिलावर रबरी शिक्का असतो: 'सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयांच्या अधिकारात.' मग पहिले वर्ष वाद कुठे चालवायचा यावरच जाते. लवादाचे स्थान म्हणजे केवळ बैठकीची खोली नव्हे. ज्या शहराचे नाव तिथे लिहिले, त्या शहराच्या न्यायालयांतच अंतरिम आदेश, निवाड्याला आव्हान वगैरे सगळे अर्ज जातात. बैठका दुसऱ्या गावी किंवा व्हिडिओवर घेता येतात. अर्ज मात्र त्या न्यायालयापुढेच करावे लागतात. स्थान दूरचे मान्य करायचेच असेल तर त्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यावे, आणि बिलावरचा शिक्का कराराशी जुळवून घ्यावा.

आम्ही सुचवतो ते कलम साधे आहे: 'या करारातून किंवा त्याच्या संदर्भात उद्भवणारा वाद एका पक्षाने दुसऱ्याला लेखी कळवल्यापासून ४५ दिवसांत मध्यस्थीने मिटवण्याचा प्रयत्न दोन्ही पक्ष करतील. त्या मुदतीत न मिटल्यास तो वाद १९९६ च्या लवाद व समेट कायद्यानुसार एकमेव लवादाकडे सोपवला जाईल आणि लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील. लवादाची नेमणूक उभयपक्षी संमतीने होईल. ३० दिवसांत संमती न झाल्यास ती अमुक संस्था करील. लवादाचे स्थान अमुक शहर राहील. कामकाजाची भाषा अमुक राहील. तातडीच्या अंतरिम आदेशासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क यामुळे कमी होणार नाही.' मध्यस्थीला दिवसांची मर्यादा घालायला विसरू नये. ती नसली की एक बाजू 'अजून बोलणी चालू आहेत' म्हणत राहते आणि लवादाचा रस्ता अडवते. संस्थेचे नाव नेमके आणि पूर्ण लिहावे. अस्तित्वात नसलेल्या संस्थांची नावे करारांत येतात, कारण कोणीतरी जुन्या फाईलमधून कलम उचललेले असते.

एकच लवाद का, हे खर्चाच्या आकड्यांतून कळते. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात मानधनाचा नमुना तक्ता आहे. २० लाख ते १ कोटी रुपयांच्या वादासाठी ९७,५०० रुपये अधिक २० लाखांवरच्या रकमेच्या ३ टक्के. म्हणजे ३० लाखांच्या दाव्यात १,२७,५०० रुपये. एकमेव लवादाला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणून १,५९,३७५ रुपये. तोच वाद तिघांपुढे गेला तर तिघांचे मिळून ३,८२,५००. प्रतिदावा आला तर त्याचे मानधन वेगळे मोजले जाते. हा तक्ता सर्वत्र आपोआप लागू होत नाही, आणि संस्थेमार्फत चालणाऱ्या लवादात त्या संस्थेचे दर असतात. पण मानधन पहिल्या बैठकीतच ठरवून नोंदवून घ्यावे. लवादाला ते नंतर एकतर्फी वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आणखी एक अनुभवाची गोष्ट: समोरचा आपला वाटा भरत नाही. अशा वेळी दावेदाराला तोही भरून कामकाज पुढे न्यावे लागते आणि शेवटी निवाड्यात तो खर्च मागावा लागतो. न भरल्यास दाव्याचे काम थांबू शकते. तीस लाखांचा दावा करणाऱ्याने सुरुवातीलाच दोन्ही वाट्यांची तयारी ठेवावी.

लवादाची सुरुवात कलम २१ च्या नोटिशीने होते. ती नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी कामकाज सुरू झाले असे मानतात. पाठवल्याच्या दिवशी नव्हे. मुदतीचा कायदा लवादालाही लागू आहे. पैशाच्या बहुतेक दाव्यांना ३ वर्षे असतात, आणि अखेरच्या आठवड्यात टपालात टाकलेली नोटीस उशिरा पोहोचली तर चांगला दावा बुडतो. नोटिशीत करार, कलम, वादाचे स्वरूप, रक्कम, 'हा वाद लवादाकडे सोपवावा' ही स्पष्ट मागणी आणि सुचवलेली नावे असावीत. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर नेमणुकीसाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. पुढे दावा अर्ज आणि कैफियत (समोरच्याचे लेखी उत्तर) सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, आणि त्यानंतर १२ महिन्यांत निवाडा द्यावा, असे कायदा सांगतो. दोघांच्या संमतीने आणखी ६ महिने, त्यापुढे न्यायालयाची परवानगी. लहान वादांत दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली तर कलम २९ब खालची जलद पद्धत घेता येते: कागदपत्रांवर, शक्यतो तोंडी सुनावणीशिवाय, ६ महिन्यांत निवाडा. बिल, चलन आणि ईमेल यांवरच उभ्या असलेल्या वादात उलटतपासाची गरज क्वचितच असते. ही पद्धत इतकी कमी का वापरली जाते, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

कलम असूनही समोरच्याने दिवाणी दावा लावला तर काय? कलम ८ खाली अर्ज करून वाद लवादाकडे पाठवायला सांगता येते, पण आपले पहिले म्हणणे दाखल करण्याच्या आत किंवा त्याबरोबरच. आधी सविस्तर कैफियत द्यायची आणि वर्षभराने लवादाचे कलम आठवायचे, असे झाले तर तो हक्क गेला.

आता मध्यस्थीकडे येऊ, कारण आमच्या मते आपल्या सदस्यांचे बहुतेक वाद तिथेच संपायला हवेत. पुरवठादार आणि खरेदीदार यांना पुढच्या महिन्यात पुन्हा एकमेकांची गरज असते. दोष मालात होता की साठवणुकीत, उशीर रेखाचित्र बदलल्याने झाला की यंत्र बंद पडल्याने, अशा प्रश्नांचे उत्तर बऱ्याचदा साठ-चाळीस असे निघते. लवादालाही तसे विभागून देता येते, पण पुढची ऑर्डर, बदललेला माल किंवा हप्ते यांचा विचार मध्यस्थीतच होऊ शकतो.

व्यापारी स्वरूपाचा आणि किमान ३ लाख रुपयांचा वाद असेल, आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये हे इतके स्पष्ट केले की मध्यस्थी टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे १,००० रुपये शुल्कासह करायचा. समोरच्याला नोटीस जाते. तो आला नाही तर मध्यस्थी सुरूच न झाल्याचा अहवाल मिळतो आणि दावा लावायचा रस्ता मोकळा होतो. आला, तर ३ महिने, संमतीने आणखी २, आणि हा काळ दाव्याच्या मुदतीतून वजा होतो. आपले सदस्य हा टप्पा 'अहवाल घेऊन मोकळे व्हायचे' म्हणून पार पाडतात, आणि समोरचेही तेच करतात. संघटना इथे खूप काही करू शकते. आपल्याच सदस्याला नोटीस आली तर त्याने हजर राहावे, असा आग्रह धरा. मध्यस्थाचे शुल्क वादाच्या रकमेनुसार ठरलेले आहे आणि ते दोघांत समान वाटले जाते. दाव्याच्या न्यायालयीन शुल्काशी ते एकदा ताडून पाहायला सांगा.

खासगी मध्यस्थीत मात्र मुदतीचे हे संरक्षण गृहीत धरू नये. नुसत्या बोलण्यांनी मुदत वाढत नाही, मग ती कितीही सौहार्दाने चाललेली असोत. मुदत संपण्याआधी समोरच्याकडून देण्याची लेखी, सही केलेली कबुली मिळाली तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर खातेजुळवणीच्या पत्रावर सही घेण्याची सवय सदस्यांना लावाच. या एका कागदाने वाचलेले दावे पुष्कळ आहेत.

मध्यस्थीला जाताना कोण जाते यावर निम्मे काम अवलंबून असते. सही करण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणणारा पाठवला की दिवस वाया जातो. कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव सोबत ठेवावा. खातेउतारा, खरेदी आदेश, पोच सहीचे चलन, ई-वे बिल, नापसंतीचे ईमेल, डेबिट नोटा हे तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावावे, आणि मुद्दल, व्याज व वादातीत रक्कम वेगवेगळी काढावी. वादातीत रकमेवर पहिल्या तासातच सहमती करून घेता आली तर पुढचे बोलणे सोपे होते. घरून निघतानाच आणखी एक आकडा मनाशी ठरवावा: आज काहीच जमले नाही तर हा वाद लढायला किती वर्षे आणि किती खर्च लागेल, आणि तो वजा जाता हाती काय उरेल. त्याहून जास्त देणारा प्रस्ताव रागाने नाकारू नये. वेगळ्या बैठकीत मध्यस्थाला सांगितलेली गोष्ट तो परवानगीशिवाय समोर नेत नाही, आणि बोलण्यांत दिलेले प्रस्ताव पुढे लवादात किंवा न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. सदस्यांना हे माहीत नसते म्हणून ते पहिल्या आकड्यालाच चिकटून बसतात.

करांचा विसर सर्वांना पडतो. खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) त्याला उलटवावे लागते. बोलण्यांत हा मुद्दा शांतपणे मांडला तर तो वजनदार ठरतो. ठरलेली रक्कम जीएसटीसह की त्याशिवाय, टीडीएस कापून की न कापता, क्रेडिट नोट कोण आणि कधी देणार, हे तडजोडपत्रात नसेल तर आठवड्याभरात नवा वाद उभा राहतो. हप्त्यांच्या तारखा, खाते क्रमांक, एक हप्ता थकला तर उरलेली सर्व रक्कम व्याजासह लगेच देय होईल ही अट, आणि न वटलेल्या धनादेशाच्या तक्रारी कोणत्या हप्त्यानंतर मागे घेणार तेही लिहावे. सर्व हप्ते जमा होण्याआधी तक्रार मागे घेणाऱ्यांना नंतर पस्तावताना पाहिले आहे.

आणि तडजोडपत्राला बळ कशाचे, हे सहीपूर्वी पाहा. साध्या कागदावरची तडजोड हा नुसता नवा करार असतो. तो मोडला तर पुन्हा दावा. कलम १२अ खालच्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा आहे आणि तिची थेट दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते. चालू लवादात तडजोड झाली तर लवादाकडून तिच्याच शब्दांत निवाडा करून घेता येतो. लोकअदालतीतल्या तडजोडीला हुकूमनाम्याचा (दिवाणी न्यायालयाच्या अंतिम निकालाचा) दर्जा आहे, तिच्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. २०२३ चा मध्यस्थी कायदा मंजूर झाल्यावर अनेकांनी समजून घेतले की आता सगळ्या मध्यस्थींना तसेच बळ आले. पण ९ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या कायद्याची फक्त काही कलमे लागू झाली. तडजोडीच्या अंमलबजावणीचे कलम २७ त्यांत नव्हते. संघटनेच्या सल्लागाराने दर वेळी ताजी अधिसूचना तपासूनच सदस्याला मार्ग सुचवावा.

सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचा वेगळा रस्ता आहे. लेखी करारातही देयकाची मुदत ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही; थकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. या कायद्याखाली थकबाकीच्या वादांसाठी असलेल्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला की आधी समेट, तो न झाल्यास लवाद. करारात खासगी लवादाचे कलम असले तरी हा मार्ग वरचढ ठरतो, असे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. पण माल पुरवण्यापूर्वी नोंदणी झालेली असावी. उशिरा केलेल्या नोंदणीवर विसंबलेले अर्ज अडकले आहेत. बांधकामासारख्या कामांना हा मार्ग लागू पडतो का, यावर मतभेद आहेत, त्यामुळे त्या सदस्यांनी करारातले कलम अधिकच जपावे.

केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांना पुरवठा करणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. ३ जून २०२४ च्या अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनुसार सरकारी खरेदीच्या करारांत लवाद सरसकट ठेवू नये आणि साधारणपणे १० कोटींहून कमी रकमेच्या वादांपुरताच ठेवावा, असे धोरण आहे. मध्यस्थीवर भर आहे. निविदेआधीच्या बैठकीत याबद्दल लेखी प्रश्न विचारायला सदस्यांना सांगा.

सगळेच वाद कोर्टाबाहेर नेण्यासारखे नसतात. खरेदीदार यंत्रे विकून निघाला असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली आधी न्यायालयातून मनाई आणावी, आणि मग ९० दिवसांत लवाद सुरू करावा. खोट्या सह्यांचे गंभीर प्रकरण असेल, किंवा समोरच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू होऊन स्थगिती लागली असेल, तर मध्यस्थीच्या टेबलावर वेळ घालवू नये.

आमची विनंती थोडी आहे. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी नमुना कलम आपल्या सल्लागाराकडून तपासून छापून घ्या. बिलावरचे शिक्के करारांशी जुळवण्याची सूचना सदस्यांना पाठवा. मोठ्या खरेदीदारांच्या छापील अटींतली एकतर्फी नेमणुकीची कलमे गोळा करा आणि त्या खरेदीदारांना संघटनेच्या पत्रावर बदल सुचवा. एकट्या पुरवठादाराला हे म्हणता येत नाही, ऑर्डर जाण्याची भीती असते. आणि संघटनेच्या कार्यालयात एक खोली, महिन्यातून दोन दिवस, मध्यस्थीसाठी राखून ठेवा. प्रशिक्षित मध्यस्थांची नावे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळतील. कलमाचा मसुदा तपासायला आणि पहिल्या काही बैठका बसवून द्यायला आम्ही येऊ.

आपले,
लवाद आणि मध्यस्थ म्हणून काम करणारे काही वकील, अभियंते व लेखापाल